राखणीची गुलेल

साप निघाला तर शकुन काठी घेऊन उभी राहायची. तलावाच्या पाळीवरून दिवेलागणीला एकटी यायची. पण मागच्या चिंचेवर हुप्प्या वानर येऊन ‘हूप’ करून बसला, की तिच्या हातातलं भांडं हातात राहायचं नाही. लहानपणी माहेरी, अड्याळला, एका हुप्प्यानं दात विचकून तिच्या डोक्यावरची टोपली हिसकताना अशी थापड मारली होती, की कितीतरी दिवस कानात घुं घुं होत होतं. थापड ती विसरली, पण ते दात काही विसरली नाही.

आणि सत्त्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात तर तिच्या मांडीवर दोन महिन्यांचा भोजराज होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवेना, तेव्हा आसगावातल्या बायांनी तिच्याबद्दल कुजबुजायचंसुद्धा सोडून दिलं होतं. त्यानंतर कुठे झालेलं हे पोर. जीव एकाचे दोन झाले, तशी भीतीही दुप्पट झाली.

धनीरामचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं घर गावाच्या टोकाला, तलावाला लागून होतं. कवेलूचं छप्पर, बाजूला आंगण आणि पडवीसारखी छपरी, मागे भाजीपाल्याची वाडी आणि वाडीच्या कडेला आभाळाला टेकलेली जुनी चिंच. धान कापून बांध्या रिकाम्या झाल्या, की वानरांची टोळी रानातून उठून गावात यायची आणि आधी या चिंचेवर उतरायची. खाली वालाचा मांडव शेंगांनी लगडलेला. कोवळ्या शेंगा ओरबाडायच्या, अर्ध्या खायच्या, अर्ध्या फेकायच्या ही वानरांची जुनी खोड. खाल्ल्याचं कोणाला वाईट वाटत नाही हो, नासल्याचं वाटतं.

“अजी, वांदरं मांडव उपटून टाकतीन,” शकुन नवऱ्याला म्हणाली. “एक गुलेल करा ना.”

“सागाची करतो. मजबूत.”

“सागाले उभी चीर जाते जी. ओढता ओढता शिंग तुटलं तं रबर सीधं डोळ्यात.”

“मंग बाभळीची.”

“जड होते. जांबाची करा. हलकी राहते, लवते, तुटत नाई.”

“तुह्या बापानं आंदणात गुलेलीचं दुकान देल्लं होतं काय वं?” धनीराम हसला. पण विळा घेऊन गेला तो जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाकडेच.

दुकान नव्हतं, पण शकुननं माहेरी लहानपणापासून मिरचीची राखण केली होती. आणि राखण करणाऱ्याला गुलेल कळते, जशी सुगरणीला चूल कळते. बेचक्याचा फाटा कापून आणला तेव्हा तिनं तो आपल्या मुठीत धरून पाहिला. दांडा तळहातात भरला पाहिजे आणि दोन शिंगांमधून तीन बोटं सहज गेली पाहिजेत. अरुंद झाली तर गोळी शिंगावर आपटून आपल्याच अंगठ्यावर येते. रुंद झाली तर मनगट वळतं आणि नेम चळतो. ओला फाटा सुकताना फाकू नये म्हणून तिनं दोन्ही शिंगं सुतळीनं आवळून सावलीत टांगून ठेवली. सुकल्यावर त्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा लावला. गोळ्या तलावाच्या गाळाच्या, बोराएवढ्या, उन्हात वाळवलेल्या. लागली की फुटते, धूळ उडते, वानराच्या अंगाला चरका बसतो, आणि तो पळतो. एवढंच काम.

“राखणीची गुलेल वेगळी अन् शिकारीची वेगळी,” तिनं नवऱ्याला बजावलं. “आपल्याले फक्त भेवाडायचं आहे.”

वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप. त्याला गोटा मारायचा नाही, हे आसगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एखादं वानर मेलंच, तर गाव त्याची माणसासारखी माती करायचं. भजन म्हणत मारुतीच्या देवळामागे नेऊन, लाल कापडात गुंडाळून, मीठ घालून पुरायचं आणि पुढे तेरवीचं जेवणही घालायचं.

पहिले काही दिवस जांबाच्या गुलेलीनं काम भागलं. वानरं मांडवावर उतरली की शकुन छपरीत, एक पाय घरात ठेवून का होईना, गोळी सोडायची. मग टोळीतला हुप्प्या शहाणा झाला. त्याला कळलं की चिंचेच्या शेंड्यावर ही गोळी पोचत नाही. तिथं बसून तो खुशाल फांद्या हलवायचा, दात दाखवायचा, आणि बाई आत गेली रे गेली की टोळी खाली.

शेजारचा चिंधू कुंपणावरून हे पाहत होता. या चिंधूला स्वतःच्या घरात मीठ आहे की नाही ते माहीत नसायचं, पण दुसऱ्याच्या भाजीत किती पडलं ते बरोबर कळायचं.

“काहून गा धनीराम, गुलेल होय का पोट्ट्याचा खुळखुळा?” तो म्हणाला. “बायकोच्या हाताचं माप घेऊन गुलेल करनारा मानूस पयल्यांदा पाह्यला बाप्पा.”

चिंधू बोलून मोकळा झाला. धनीरामच्या मनात मात्र ते रुतून बसलं. दुसऱ्याच दिवशी तो रानाच्या कडेला गेला आणि धावड्याचा फाटा घेऊन आला. धावड्याचं लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याचं, लोखंडाला दाद न देणारं. दोन शिंगांमधलं अंतर चांगलं वीतभर. लाखनीला पाव्हण्याकडे गेला तेव्हा सडकेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या ट्यूबची पट्टी आणली. ती गुलेल शकुनच्या मुठीत मावेना, आणि रबर तिच्यानं छातीपर्यंतही ओढवेना. धनीराम ते कानापर्यंत ओढायचा.

“हे शिकारीची झाली जी,” ती म्हणाली.

“गोळ्या तं मातीच्याच आहेत ना? मंग?”

इथवर ठीक होतं. पण आभाळ आलं. चार दिवस ऊन नाही, गोळ्या वाळेनात. धनीराम म्हणाला, चुलीच्या गरम राखेत ठेव, सुकतील. शकुननं ठेवल्या. तेवढ्यात भोजू रडला, ती त्याला घेऊन बसली, आणि सासूनं, चंद्रभागाबाईनं, त्याच चुलीत लाकडं सारून भाताचं आधण ठेवलं. शकुननं मग राख उकरली तेव्हा गोळ्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. तिनं दोन गोळ्या एकमेकींवर आपटून पाहिल्या. टण्ण वाजलं.

“ह्या नोको नेऊ,” ती म्हणाली.

“मातीच होय ना वं.” त्यानं मूठभर गोळ्या खिशात टाकल्या.

तिला आणखी बोलायचं होतं. पण भोजू पाजायचा होता, आणि नवऱ्याच्या हौसेवर रोज काय पाणी ओतायचं, असं वाटून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची आठवण तिला पुढे भाजल्यासारखी चटका देत राहिली.

सकाळी हुप्प्या शेंड्यावर बसला होता. धनीरामनं वाडीत उभं राहून रबर कानापर्यंत ओढलं. नेम हुप्प्याच्या बुडाखालच्या फांदीवर होता, हे तो नंतर ज्याला त्याला सांगत फिरला. गोळी सुटली. हुप्प्या उडी मारून गेला, आणि गोळी त्याच्यामागच्या दाट पाल्यात घुसली. तिथून मऊ, बसका आवाज आला. पाल्यामागे एक वानरी बसली होती आणि तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. ते फांद्यांवरून आपटत आपटत खाली आलं आणि मांडवाजवळ पडलं. काळं तोंड, गुलाबी तळवे. हललंसुद्धा नाही.

शकुन भोजूला घेऊन दारात उभी होती. वानरी चिंचेवरून सरसर उतरली. तिनं पिल्लू उचललं, त्याचा वास घेतला, पोटाशी धरलं. ते चिकटेना. हात सोडला की घसरायचं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. शेवटी एका हातानं त्याला छातीशी दाबून ती तीन पायांवर झाडावर चढली. चढता चढता तिनं मागे वळून पाहिलं. धनीरामकडे नाही, शकुनकडे पाहिलं, असं शकुनला वाटलं.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. मारुतीच्या देवळाची देखरेख करणारे म्हातारे पुंडलिकराव लाल कापड आणि मिठाचं गाठोडं घेऊन आले. भजनी मंडळही आलं. पण माती द्यायची कोणाला? वानरी पिल्लू सोडेना. केळं दाखवलं, गूळ दाखवला, शेंगदाणे टाकले. ती चिंचेवर बसून मेलेल्या पिल्लाच्या अंगावरचे केस निवडत राहिली.

“मयत खुलं आहे,” पुंडलिकराव म्हणाले. “माती होत नाई तवरीक या गावात कोनी गुलेल धरू नोका. आना साऱ्यांच्या.”

घराघरातून गुलेली आल्या आणि देवळाच्या खुंटीला टांगल्या गेल्या. धावड्याची गेली, तशी जांबाचीही गेली. शकुनच्या हातात वानरांना नुसतं भिववायलाही काही उरलं नाही. सुतक मात्र धनीरामच्या घराला लागलं, आणि सुतकात वेस ओलांडायची नाही, म्हणून अड्याळला माहेरी जायची वाटही बंद झाली.

दुसऱ्या दिवशी वानरी चिंचेवर होती. तिसऱ्या दिवशीही होती. टोळी इकडेतिकडे हिंडून यायची, ही तिथून हलायची नाही. हातातलं पिल्लू हळूहळू वाळत चाललं होतं, त्याची मान लोंबत होती. भोजू रडला की ती मान उंच करायची. शकुननं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं पदरानं पोराचं तोंडच झाकलं. पुन्हा रडला, पुन्हा वानरीनं मान वर केली आणि एक फांदी खाली आली.

चंद्रभागाबाईनं कपाळाला हात लावला. “थिले लेकरू पायजे आता. लेकराच्या बदल्यात लेकरू नेतेत हे. माह्या मायनं सांगतलं होतं.”

“आई, गप बस ना!” धनीराम ओरडला. ओरडला खरा, पण मग तोच उठून दाराची कडी पाहून आला.

त्या दिवसापासून शकुननं भोजूला अंगावरून खाली ठेवलं नाही. भाकरी थापायची ती त्याला पाठीशी बांधून. तलावावर जाणं बंद, पाणी सासू आणायची. गोधडीखाली विळा ठेवला, पोराच्या गालावर तीट लावली, दंडात काळा दोरा बांधला. छपरावर कवेलू वाजलं की ती पोराला छातीशी आवळायची. भीतीनं तिचं दूध आटायला लागलं, त्यामुळे पोर जास्त रडायचं. ते जास्त रडलं की वरचं कवेलू वाजायचं. या चक्रातून कसं सुटायचं ते घरात कोणालाच सुचेना.

“तुह्या हाताची होती थेच बरी होती,” असं धनीराम एकदा म्हणाला. शकुन चुलीतली राख काढत राहिली. गोळ्या तिच्या चुलीतून निघाल्या होत्या. कोणाला काय बोलणार!

मग एके दिवशी स्वच्छ ऊन पडलं. चंद्रभागाबाई म्हणाली, पोराच्या अंगाला तेल लावून जरा उन्हात घे, किती दिवस अंधारात कोंडशील, अंगाला वास येऊन राहिला. शकुननं चिंचेकडे पाहिलं. झाड रिकामं होतं. छपरावरही कोणी नव्हतं. तिनं आंगणात गोधडी टाकली, भोजूला तेल चोळलं, दुपट्यात सैलसर गुंडाळलं. त्याला इतक्या दिवसांनी ऊन मिळालं, तर तो हातपाय झाडत हसायला लागला. शकुनही हसली. हसू यायचं अजून शिल्लक आहे, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात तिला ते दिसलं. आंगणाच्या दुसऱ्या टोकाला, काट्याच्या कुंपणाच्या बुडाशी, काळसर चिंधीसारखं काहीतरी पडलं होतं. वाळलेलं पिल्लू होतं ते. वानरीनं शेवटी त्याला खाली ठेवलं होतं.

शकुनला वाटलं, सुटलो! आता माती होईल, सुतक फिटेल, संपलं सगळं. आनंदानं तिला रडू फुटलं. “आत्या! अजी! पाहा इकडे, ठेवलं थिनं!” अशा सासूला आणि नवऱ्याला हाका मारत ती धावत कुंपणापर्यंत गेली. भोजूकडे पाठ करून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मागे कवेलू वाजलं.

ती वळली तेव्हा गोधडी रिकामी होती. वानरी छपरीच्या वळचणीला धरून वर चढत होती, आणि तिच्या एका हातात, छातीशी दाबलेलं, भोजूचं दुपटं होतं. चंद्रभागाबाईनं किंकाळी फोडली, आणि ती ऐकून अर्धं गाव धावत आलं.

छपरीचं उतरतं छप्पर जिथं मोठ्या घराच्या भिंतीला मिळतं, त्या कोपऱ्यात वानरी बसली. भोजू तिच्या पोटाशी होता. ती त्याचं डोकं हुंगत होती, दुपट्याचं टोक निवडत होती. भोजू रडत होता. चिंचेची एक जाड फांदी तिथून एका उडीवर होती.

शकुनच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उभी राहिली. वानरी उडी मारते तेव्हा पिल्लाला धरत नाही. पिल्लूच आईला धरतं. आईचे दोन्ही हात फांदीला लागतात. वानराच्या लेकराला हे जन्मतः ठाऊक असतं. माणसाच्या लेकराला कुठं ठाऊक?

“हटा, हटा!” ज्यांनी बंदी घातली होती ते पुंडलिकरावच धोतर सावरत, गुलेलींचा जुडगा घेऊन देवळातून धावत आले होते. देव समजून घेईल, असंच त्यांना त्या क्षणी वाटलं असावं. ज्याच्या हाती जी आली ती त्यानं घेतली. चिंधूनं खालून गोटा उचलला. धनीरामच्या एका हातात धावड्याची होती आणि दुसऱ्या हातात जांबाची. तो शकुनपुढे येऊन उभा राहिला.

“कोनती मारू, शकुन? सांग ना वं, कोनती?”

शकुननं दोन्ही गुलेलींकडे पाहिलं. धावड्याची मारली तर वानरी जागच्या जागी कोसळेल, आणि तिच्यासकट भोजू उतरत्या कवेलूंवरून गडगडत खाली. जांबाची मारली तर चरका बसेल, ती दचकेल, आणि दचकली की फांदीवर उडी घेईल. जिच्या पारखीवर धनीराम आज पहिल्यांदा इतका विसंबला होता, तिला दोन्हीकडे पोराचं मरणच दिसत होतं.

“कोनतीच नोको,” ती म्हणाली. मग ओरडली, “चिंधूभाऊ, गोटा टाका खाली! कोनी हलू नोका!”

चिंधूनं गोटा टाकला. आंगणात इतके लोक होते, पण ऐकू येत होतं ते फक्त भोजूचं रडणं. वानरी मान फिरवून त्या फांदीकडे पाहायला लागली. तिनं मागचे पाय आखडले.

शकुन वळली आणि कुंपणाशी गेली.

“शकुन वं, हात नोको लावू! वल्ली बाळंतीण आहेस!” सासू किंचाळली. शकुननं ऐकलं, पण ती थांबली नाही. तिनं खाली वाकून ते पिल्लू उचललं. त्याला वजनच नव्हतं. वास नाकात घुसला, आणि माशा उठून तिच्या तोंडावर बसल्या. एका बाजूला चिरडलेलं ते एवढंसं डोकं तिच्या तळहातावर कलंडलं. आपल्या चुलीत भाजलेली गोळी इथं लागली, एवढंच तिच्या मनात आलं. ती पिल्लू दोन्ही हातांत धरून आंगणाच्या मधोमध आली आणि हात उंच केले.

“हे पाह्य,” ती वानरीला म्हणाली. “तुह्यं इथं आहे वं. हे पाह्य.”

वानरीची मान फांदीवरून इकडे वळली. तिनं शकुनच्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि तिच्या घशातून एक खरखरीत, खालचा आवाज निघाला. शकुन एक पाऊल मागे सरली, पिल्लू घेऊन निघाल्यासारखी. मग आणखी एक. हा डाव उलटला तर काय, याचा विचार करायला तिच्यात जागाच नव्हती.

वानरी उठली. तिनं भोजूला कोपऱ्यात, भिंत आणि छप्पर यांच्या खोबणीत ठेवलं, आणि ती सरळ खाली आंगणात उतरली. लोक मागे हटले. शकुन एकटी उरली. वानरी चार पायांवर तिच्याकडे आली आणि हातभर अंतरावर थांबून तिनं ओठ मागे ओढले. तेच ते दात. तरी शकुन खाली बसली आणि तिनं हात पुढे केले.

वानरीनं पिल्लू ओढून घेतलं. तिच्या नखांनी शकुनच्या मनगटावर लाल रेघा उठल्या. तिनं पिल्लाचा वास घेतला, छातीशी दाबलं, आणि तीन पायांवर पळत, कुंपण ओलांडून चिंचेवर चढली.

धनीराम तोवर खाटेवर पाय देऊन छपरावर चढला होता. त्याच्या गुडघ्याखाली कवेलू फुटत होती. पोटावर सरकत सरकत त्यानं कोपरा गाठला, आणि दुपट्यासकट पोर उचलून खाली चिंधूच्या हातात दिलं. चिंधूनं ते शकुनच्या हातात दिलं. बोलण्यासारखं काही न सापडण्याची त्याची ती बहुतेक पहिलीच वेळ.

“आता दोन-चार जन चढा झाडावर,” मागून कोणीतरी म्हणालं. “घेरून हिसकून घेऊ थिच्याजवळून. एकदाची माती होऊन जाईन.”

शकुननं मान वर केली. “कोनी चढनार नाई. थिचं थिच्याजवळ राहू द्या. थे आपल्या मनानं ठेवीन तवा माती देऊ.”

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग चिंचेकडे पाहिलं. “बराबर आहे,” ते म्हणाले, आणि लोकांना घेऊन बाहेर गेले.

शकुन छपरीत भिंतीला टेकून बसली आणि तिनं भोजूचं दुपटं सोडलं. पोट पाहिलं, पाठ पाहिली, मान, टाळू, मांड्या. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तो हुंदके देत देत तिच्या छातीला लागला, आणि आटलेलं दूध कुठून कोण जाणे भरून आलं. धनीराम पायाशी येऊन बसला. त्याच्या ढोपरांतून रक्त येत होतं आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

भोजूची उजवी मूठ मिटलेली होती. पिताना तो ती नेहमी उघडी टाकायचा. आज सोडेना. शकुननं त्याची बोटं एकेक करून हळूच उकलली. आत करड्या केसांचा पुंजका होता, मुळासकट उपटलेला. त्याच्या ओल्या तळव्याला ते केस चिकटून बसले होते.

त्यानं तिला धरलं होतं. ती उडी मारणार होती तेव्हा त्यानं आपल्या इवल्या मुठीनं, होतं नव्हतं तेवढं बळ लावून, तिला धरलं होतं. जशी आईला धरतात तसं.

चंद्रभागाबाई गरम पाणी घेऊन आली. “आन इकडे थो हात,” ती म्हणाली. “धुऊन टाकू. अभद्र नोको.”

“राहू द्या, आत्या,” शकुन म्हणाली. “त्यानं सोडलं म्हंजे धुवा.”

तिनं ती मूठ पुन्हा तशीच मिटली आणि आपल्या हातात धरून ठेवली.